कानानं शिकायचं फिडल

आयरिश फिडलवर वाजणारी एक रील जेमतेम ३५ ते ४० सेकंदांत पुरी होते. ८ बारचा पहिला भाग दोनदा, ८ बारचा दुसरा भाग दोनदा. असे ३२ बार झाले की सांगायचं ते सांगून झालं. तास तास रंगणाऱ्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला हा ऐवज फारच थोडा वाटेल. पण वादक थांबत नाही. शेवटचा स्वर पहिल्या स्वराला असा जाऊन मिळतो, की धून संपली कुठे आणि पुन्हा सुरू झाली कुठे, ते कळू नये. दुसऱ्या फेरीत एखाद्या स्वरावर बोट किंचित फडकतं. मघाशी एका गजात बांधून आलेले दोन स्वर आता सुटे येतात. कुठे शेजारची तार हलकेच सोबत घुमते. तिसऱ्या फेरीत आणखी काही निराळं होतं. मग कसलीही सूचना न देता दुसरीच धून सुरू होते, बहुतेकदा सूर बदलून, आणि ऐकणारा एकदम सावरून बसतो.

या संगीताचा आनंद त्या बारीक फरकांत आहे. ते टिपायला जो कान लागतो, तोच कान हे वाद्य शिकायलाही लागतो. त्यामुळे ऐकणारा आणि शिकणारा यांच्यात इथे फारसं अंतर राहत नाही. मन लावून ऐकणारा माणूस गज हातात धरण्याआधीच अर्धा शिकलेला असतो.

वाद्य तेच, वळण वेगळं

फिडल म्हणजे व्हायोलिनच. चार तारा त्याच: जी, डी, ए, ई. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. हेच वाद्य महाराष्ट्रात आलं तेव्हा गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांच्या हाती ते गळ्याच्या वाटेनं गेलं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायावर टेकवायचं आणि मींडेनं स्वरास्वरांतली जागा भरून काढायची. आयर्लंडमध्ये ते नाचणाऱ्यांच्या पायांमागे आणि पाइप वाजवणाऱ्यांच्या बोटांमागे गेलं. डावा हात गळपट्टीच्या टोकापासून क्वचितच हलतो. बहुतेक धुनी तेवढ्या टापूतच बसतात. स्वर थरथरवण्याचा पाश्चात्त्य शास्त्रीय रिवाज इथे बेताचाच. जुनी मंडळी तर फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवून वाजवत. सगळी करामत उजव्या हातात, म्हणजे गजात.

धुनींचे प्रकार नाचावरून ठरतात. रील चारच्या वजनात धावते. जिग सहाची, तीन-तीनचे दोन झोके घेणारी. दादरा ऐकलेल्या कानाला ती लवकर पकडता येते. स्लिप जिग नऊची. हॉर्नपाइप रीलसारखाच, पण संथ आणि डुलत चालणारा. पोल्का दोनचा. याशिवाय स्लो एअर असते. ती बहुधा आयरिश भाषेतल्या जुन्या गाण्याची चाल. तिला ठेका नसतो, गायकाचा श्वास हीच तिची लय. स्वरांच्या बाबतीत मराठी श्रोत्याला परकेपणा वाटायचं कारण नाही. यातल्या बहुतेक धुनींची सप्तकं आपल्या बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी थाटांशी जुळतात. कोमल निषाद लागला की ओळखीचं काहीतरी कानाशी येतं, मग धून पुन्हा आपल्या वाटेनं निघून जाते.

अलंकार थोडे आहेत, पण नेमके. ‘कट’ म्हणजे वरच्या स्वरावर बोटाचा इतका झटपट स्पर्श, की तो स्वर म्हणून ऐकूच येऊ नये, फक्त मूळ स्वराला टोक यावं. ‘रोल’मध्ये मूळ स्वर, वरचा, मूळ, खालचा आणि पुन्हा मूळ असे पाच स्वर एका लांब स्वराच्या जागेत बसवतात. ‘ट्रेबल’मध्ये गज एकाच स्वरावर तीनदा करकरीत फिरतो. हे सगळं लयीसाठी असतं. अलंकारानं पायाचा ठेका उचलला नाही, तर तो कितीही सफाईनं आला तरी वाया गेला.

चार मुलखांचे चार गज

आयर्लंड लहान देश आहे. तरीही कान तयार झाला की वादक कुठल्या भागातला, हे दोन-तीन फेऱ्यांत ओळखता येतं.

वायव्येला डोनेगॉल. तिथले लोक हंगामी मजुरीसाठी स्कॉटलंडला जात आणि येताना तिथल्या धुनी घेऊन येत. गज आखूड आणि सुटा, जवळजवळ प्रत्येक स्वराला वेगळा, आवाज धारदार. जॉन डोहर्टी हे या वळणाचं मोठं नाव. घराणं फिरत्या टिनकाम करणाऱ्यांचं, आणि पिढ्यान् पिढ्या वादकांचं. ते गावोगाव हिंडत. पुष्कळदा स्वतःचं फिडलही जवळ नसे. ज्या घरी मुक्काम, त्या घरातलं फिडल घेऊन वाजवत. १९८० मध्ये ते गेले. त्याच डोनेगॉलमधून पुढे मरेड नी वीनी आणि त्यांचा ‘अल्टन’ हा वाद्यवृंद जगभर पोहोचला.

स्लायगोचा गज लांब, ओघवता, झुलणारा. त्याची कीर्ती मायकेल कोलमन यांच्यामुळे झाली. १८९१ मध्ये स्लायगोच्या खेड्यात जन्मलेले कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या ७८ गतीच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. या तबकड्या बोटीनं परत आयर्लंडला आल्या, खेड्यांतल्या ग्रामोफोनवर वाजल्या, आणि कैक तरुणांनी त्यांतला स्वर न् स्वर उचलला. ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील्स कोलमन यांनी एकापाठोपाठ एक वाजवल्या होत्या. आजही त्या जगभर त्याच क्रमानं वाजवल्या जातात. या तबकड्यांनी वादनाची पातळी उंचावली, हे खरं. पण कोलमन यांच्यापुढे आपलं गावचं वाजवणं गावंढळ आहे असं वाटून अनेकांनी ते सोडलं, हेही तितकंच खरं आहे. घरी आलेला आवाज इतका मोहक असला, की शेजारचा आवाज ऐकायला वेगळा धीर लागतो.

पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यात, विशेषतः त्याच्या पूर्व भागात, धून सावकाश चालते. धावण्यापेक्षा स्वराच्या आत उतरण्याकडे तिचा ओढा. फीकलजवळच्या मार्टिन हेज यांचे वडील पी. जो हेज टुला केली बँडचे आधारस्तंभ. मुलगा त्यांच्याबरोबर वाजवतच मोठा झाला. गिटारवादक डेनिस केहिल यांच्या साथीनं १९९७ मध्ये आलेल्या ‘द लोन्सम टच’ या ध्वनिमुद्रणात मार्टिन यांनी नाचाच्या धुनी इतक्या संथ केल्या, की प्रत्येक स्वर न्याहाळता यावा. या संगीतात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला मी हेच ध्वनिमुद्रण सुचवेन.

चौथा मुलूख कॉर्क आणि केरी परगण्यांच्या सीमेवरचा, श्लीव्ह लुआख्रा. पाणथळ, गरीब डोंगराळ भाग. पोल्का आणि स्लाइड या नाचांचं माहेर. पॉड्रिग ओ'कीफ इथलेच. जन्म १८८७. वडिलांमागून ते गावच्या शाळेचे हेडमास्तर झाले, पण शाळेच्या शिस्तीत त्यांचा जीव रमला नाही आणि १९२० मध्ये ती नोकरी गेली. पुढची चार दशकं ते डोंगरवाटा तुडवत घरोघरी फिडल शिकवत राहिले. शिष्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची सोपी लिपी वापरली: चार तारांची चार घरं, आणि त्यांत कोणतं बोट ठेवायचं त्याचा आकडा. शिकवणीच्या शेवटी कागद शिष्याच्या घरी राही, आणि पुढच्या खेपेला मास्तर स्वतः वाजवून त्यातला जीव दाखवत. त्यांचे शिष्य डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण ज्युलिया क्लिफर्ड यांनी हे वळण पुढच्या पिढ्यांपर्यंत नेलं. १९५२ मध्ये शेमस एनिस यांनी बीबीसीसाठी गुरू आणि शिष्यांना एकत्र ध्वनिमुद्रित केलं. ते मुद्रण ‘केरी फिडल्स’ नावानं आजही ऐकता येतं. दोन फिडलं एकाच धुनीत कशी अंग चोरून जागा देतात, हे त्यात स्पष्ट कळतं.

शिकागोच्या पोलीसप्रमुखाचा संग्रह

या संगीताचा सर्वांत नावाजलेला संग्रह आयर्लंडमध्ये नव्हे, शिकागोमध्ये तयार झाला. फ्रान्सिस ओ'नील यांचा जन्म १८४८ चा, कॉर्क परगण्यातला. पोरवयात घर सोडून ते जहाजावर गेले, जग फिरले, १८७३ मध्ये शिकागो पोलिसांत भरती झाले आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या शहराचे पोलीसप्रमुख होते. शिकागोत आयर्लंडच्या प्रत्येक परगण्यातली माणसं होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या गावच्या धुनी. ओ'नील यांना बासरी आणि पाइप येत होते, पण स्वरलेखन येत नव्हतं. ते धुनी लक्षात ठेवून आणत आणि त्यांच्याच खात्यातले जेम्स ओ'नील त्या कागदावर उतरवत. १९०३ च्या ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’मध्ये १,८५० धुनी छापल्या गेल्या, १९०७ च्या नाचधुनींच्या संग्रहात १,००१. पुढे आयर्लंडच्या वादकांमध्ये नुसतं ‘पुस्तक’ म्हटलं, की हा दुसरा संग्रह समजला जाई.

या संग्रहात धुनीची फक्त रूपरेषा आहे. गज कुठे वळवायचा, रोल कुठे घ्यायचा, जिगचे तीन स्वर एकसारखे न वाजवता पहिला किती लांबवायचा, यातलं फारसं काही छापलेलं नाही. ज्यानं ही लय आधी ऐकली आहे, त्यालाच ते पान बोलतं. आपल्याकडे भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतली बंदिशही गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय उभी राहत नाही.

स्वयंपाकघरातून पबकडे

या धुनी वाजत त्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत. फरशीवर नाच, कोपऱ्यात फिडलवाला. १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला. पोलीस आणि धर्मगुरू यांनी घरच्या नाचांवरही त्याचा बडगा उगारला. लोक परवाना असलेल्या सभागृहांकडे वळले. पाठोपाठ बेकारीनं तरुण इंग्लंड-अमेरिकेला गेले. वादक उरले, पण त्यांच्यासमोर नाचणारी माणसं उरली नाहीत.

आज ‘सेशन’ म्हणून ओळखली जाणारी पबमधली बैठक याच विस्थापनातून रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामावर राबणारे आयरिश मजूर संध्याकाळी पबमध्ये जमून वाजवू लागले, आणि तो रिवाज परत मायदेशी आला. १९५१ मध्ये कोल्टस क्योल्तोरी एरन ही संस्था स्थापन झाली. मलिंगारला तिचा पहिला राष्ट्रीय संगीतमेळा भरला, तो आजही दर वर्षी वेगवेगळ्या गावांत भरतो. पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ च्या जानेवारीत गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या मिलटाऊन मालबे या गावात त्यांच्या नावानं उन्हाळी शाळा सुरू झाली. दर जुलैत जगभरातले शिकाऊ वादक तिथे येतात. सकाळी वर्ग, दुपारपासून रात्रीपर्यंत गावातल्या प्रत्येक पबमध्ये वादन. वर्गात गुरू दोन बार वाजवतो, सगळे ते वाजवतात. मग पुढचे दोन. तासाच्या शेवटी पूर्ण धून प्रत्येकाच्या बोटांत असते आणि समोर कागद नसतो.

सुरुवात कशी करावी

शिकणाऱ्याला यातून वाट मिळते. आधी एकच धून निवडावी आणि तीन वेगवेगळ्या मुलखांतल्या वादकांकडून ती ऐकावी. मग ती गुणगुणावी. आयर्लंडमध्ये वाद्य नसलं तर तोंडानं धून म्हणून नाचण्याची जुनी चाल आहे, आणि जी धून ओठांवर येत नाही ती गजावरही येत नाही. त्यानंतर फिडल घ्यावं आणि अलंकारांशिवाय, संथ लयीत वाजवावं. पायाचा ठेका सुटू देऊ नये. कट आणि रोल सर्वांत शेवटी. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या माणसाचा कान इथे उपयोगी पडतो; फक्त मींडेचा मोह आवरावा लागतो आणि लय एका क्षणासाठीही सैल होणार नाही हे पाहावं लागतं. डब्लिनच्या पारंपरिक संगीत संग्रहालयानं १९८७ पासून जमवलेला बराचसा ठेवा आता घरबसल्या विनामूल्य ऐकता येतो. धुनी रोमन अक्षरांत लिहायची ख्रिस वॉल्शॉ यांची ‘एबीसी’ पद्धत तर ओ'कीफ मास्तरांच्या आकड्यांइतकीच सोपी आहे. दोन्हींचं काम एकच: ऐकलेलं विसरू नये.

डब्लिनमध्ये आता नोकरीनिमित्त बरीच मराठी माणसं राहतात. त्यांच्या शहरातल्या स्मिथफील्ड भागात ‘कॉबलस्टोन’ नावाचा पब आहे. त्याच्या आवारात आणि डोक्यावर हॉटेल बांधायची योजना आली तेव्हा, २०२१ मध्ये, लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. अशा पबमध्ये बाजूला बसून ऐकायला तिकीट नाही, ओळखही लागत नाही. वाजवायचं असेल तर रीत साधी आहे: बसण्याआधी विचारावं, येणारी धून सुरू झाली की सामील व्हावं, न येणारी सुरू झाली की फिडल मांडीवर ठेवून नीट ऐकावं. एक धून येत असली तरी त्या वर्तुळात जागा मिळते. बाकीच्या धुनी तिथेच बसून, इतरांचं ऐकून शिकायच्या असतात. आज तिथे सराईतपणे वाजवणारेही असेच शिकले आहेत.