बर्फात जोर नको, पकड हवी

परदेशी गेलेल्या लेकीचा, मुलाचा नाहीतर जावईबापूंचा फोटो आला की त्यात हल्ली हमखास एक गाडी असते. शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस, टोरोंटो अशा ठिकाणी नोकरी लागली, दोन-तीन वर्षांचे चार पैसे गाठीला जमले, की तरुण मंडळी हौसेनं गाडी घेतात. त्यातही एखाद्याला कॉलेजपासून ‘मस्टँग’चं वेड असतं. लांबसडक नाक, ठेंगणं छप्पर, लालभडक रंग! आपण इथे फोटोचीच दृष्ट काढतो. पण तो फोटो असतो जून-जुलैमधला. हीच गाडी जानेवारीत बर्फाच्या ढिगाऱ्यात उभी असते आणि सकाळी साडेसातला तिच्यात बसून कामावर जायचं असतं, तेव्हा काय होतं ते फोटोत दिसत नाही.

मैत्रिणींनो, म्हणूनच हा विषय. तुमची लेक-सून तिकडे असेल तर हे तिला अवश्य कळवा. आणि तुम्ही स्वतःच तिकडे संसार करत असाल, तर गाडीची किल्ली हातात घेण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचा.

मागून ढकलणारी गाडी

गाडीचं इंजिन चारही चाकं फिरवतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. काही गाड्यांत ते पुढची दोन चाकं फिरवतं, काहींत मागची दोन. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. १९८३ साली आलेली मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी. १९६४ साली बाजारात आलेली फोर्डची मस्टँग मात्र आजतागायत मागच्याच चाकांवर चालते. बीएमडब्ल्यूच्याही बऱ्याच गाड्या तशाच.

आता यात फरक काय पडतो? बैल पुढून गाडी ओढतो तेव्हा गाडी मुकाट त्याच्यामागे येते. पण भाजीवाला मागून हातगाडी ढकलतो, तेव्हा चिखलात ती कशी तिरकी जाते ते आठवा. पुढच्या चाकांची गाडी म्हणजे बैलगाडी, मागच्या चाकांची म्हणजे हातगाडी! शिवाय जड इंजिन असतं पुढे, त्यामुळे मागच्या चाकांवर भार कमी. आणि भार कमी म्हणजे बर्फावर पकडही कमी.

त्यात गाडी ताकदवान असली की आणखीच पंचाईत. मारुती ८०० च्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर होती. मोठ्या इंजिनाच्या नव्या मस्टँगची साडेचारशेच्याही वर! कोरड्या रस्त्यावर ही ताकद मजेची. पण निसरड्या बर्फावर पाय जरा जास्त दाबला गेला, की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला निघतो. ‘गाडी दणकट आहे, बर्फातूनही जाईल’ असं घरातले पुरुष छातीठोकपणे सांगतात. त्यांना म्हणावं, ताकद इंजिनात असते, पण जमीन धरायची असते टायरांनी.

पायताण बदला

पावसाळ्यात आपण कोल्हापुरी चपला घालून बाहेर पडतो का? मग हिवाळ्यात गाडीचंही पायताण बदलायला नको?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली घट्ट गोठते आणि शेजारची तिळाच्या तेलाची बाटली तशीच वाहती राहते, हे आपण दरवर्षी पाहतो. रबराचंही असंच आहे. जोरदार गाड्यांना येतात ते उन्हाळी टायर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतात. बर्फ तर सोडाच, नुसत्या गार कोरड्या रस्त्यावरही त्यांची पकड कमी होते. हिवाळी टायरांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यांच्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. ओळखायची खूण सोपी आहे : टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी कोरलेली असते.

दुकानात गेल्यावर ‘मागची चाकं फिरतात ना, मग मागचेच दोन बदलू’ असा काटकसरीचा विचार हटकून डोक्यात येतो. ही काटकसर महागात पडते. गाडी पुढे ढकलण्याचं काम मागच्या चाकांचं असलं, तरी वळवण्याचं काम पुढच्या चाकांचं असतं आणि थांबवण्याचं काम तर मुख्यतः त्यांचंच. म्हणून बदलायचे ते चारही.

खर्चाचं म्हणाल, तर एक हिशेब लक्षात घ्या. हिवाळी टायर चढवले की ते चार-पाच महिने उन्हाळी टायर कोपऱ्यात विश्रांती घेतात, म्हणजे तितके कमी झिजतात. दोन जोड आळीपाळीनं वापरलेल्या साडीसारखं! आणि घसरून एकदा दुसऱ्याच्या गाडीवर आदळलं की होणारा खर्च टायरांपेक्षा कितीतरी जास्त.

काही देशांत हा निर्णय घरातल्या मर्जीवर ठेवलेलाच नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला राडा असेल, तर अशा टायरांशिवाय गाडी चालवणं गुन्हा ठरतं. तिथल्या लोकांचा साधा ठोकताळाच आहे : ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर.

टायरमधली हवाही तपासायची. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवेचा दाब सुमारे एका पौंडानं उतरतो. ऑक्टोबरात नीट भरलेली हवा जानेवारीत अपुरी असते.

पाऊल हलकं, हात स्थिर

फरशीवर तेल सांडलं की आपण कसे चालतो? लहान पावलं, झटका नाही, एकदम वळणं नाही. बर्फात गाडीही अशीच चालवायची.

निघताना ॲक्सिलरेटरवर पाय अगदी अलगद ठेवावा. गिअरची गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करावी. चाकांना झटका कमी बसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत बर्फासाठी किंवा ओल्या रस्त्यासाठी वेगळं बटण असतं. ते दाबलं की इंजिनाचा आवेश आवरला जातो. नवऱ्यानं ते कधी दाबलं नसेल, तर गाडीची पुस्तिका उघडून तुम्हीच शोधा!

एका वेळी एकच काम करावं, ही दुसरी युक्ती. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा, मग वळायचं आणि गाडी सरळ झाल्यावर हळूहळू वेग वाढवायचा. वळता वळता ब्रेक दाबला किंवा वेग वाढवला, की घसरण्याचा धोका. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर तीन-चार सेकंदांचं अंतर पुरतं, बर्फात आठ ते दहा सेकंदांचं ठेवावं. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात तर गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं, असं बजावलेलं आहे.

पुलांवर जास्त जपावं. पुलाला खालूनही गार वारा लागतो, म्हणून बाकीचा रस्ता नुसता ओला असताना पुलावर बर्फ धरलेला असतो. तो काचेसारखा पारदर्शक, खालची डांबर दिसत राहते आणि डोळ्यांना फसवते.

घसरलीच तर?

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं अंग आधी निसटतं. तेव्हा ब्रेककडे धावणारा पाय आवरायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि मागचा भाग ज्या बाजूला चाललाय, त्याच बाजूला स्टीअरिंग हळुवार फिरवायचं. मागचं अंग उजवीकडे गेलं तर स्टीअरिंगही उजवीकडे. गाडी सावरू लागली की तेही लगेच सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. नजर मात्र जायचंय त्या रस्त्यावर. खांबाकडे बघत राहिलात तर हातही तिकडेच वळतात.

समोर कुणी आलंच आणि थांबण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ‘एबीएस’ असलेल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा. पायाखाली थरथर जाणवेल, कर्रकर्र आवाज येईल. घाबरून पाय उचलायचा नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींत घसरती गाडी सावरणारी यंत्रणाही सक्तीची आहे. तिचा उपयोग मोठा, पण टायरच गुळगुळीत असतील तर ती बिचारी काय करणार?

हे सगळं ऐन रहदारीत शिकायचं नसतं. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर, परवानगी असेल तिथे, नवऱ्याला शेजारी बसवून हळू वेगात सराव करावा. ब्रेक दाबून बघावा, गाडी किती अंतरावर थांबते ते पाहावं. अर्ध्या तासात भीती निम्मी होते.

अडकलात तर गाडी सोडू नका

चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. चाक आणखी खोल जातं. फावड्यानं बर्फ बाजूला करावा, मागच्या चाकांपुढे वाळू किंवा मांजराच्या शौचासाठी मिळते ती खडीदार माती टाकावी आणि अलगद पुढे-मागे करत गाडी काढावी.

वादळात अडकलात तर गोष्ट गंभीर. २०२२ च्या नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरावर आणि आसपास हिमवादळ आलं. त्यात चाळीसहून अधिक माणसं दगावली. काही जण तर आपल्या गाडीतच सापडले. अशा वेळी चालत मदत शोधायला निघू नये, गाडीतच थांबावं. मागचा धूर जाण्याचा पाइप बर्फानं बुजला असेल तर आधी तो मोकळा करावा. नाहीतर विषारी वायू आत साठतो, त्याला ना रंग ना वास. इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवावं आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी.

म्हणूनच हिवाळ्यात पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. फोडणी टाकल्यावर मोहरी संपल्याचं कळावं, तसं रस्त्यावर होऊ नये!

किल्ली खुंटीला टांगू नका

लग्न होऊन तिकडे गेलेल्या कितीतरी मुली गाडी तिथेच शिकतात. वाणसामान, मुलाची शाळा, डॉक्टर, सगळं गाडीवर अवलंबून. उन्हाळ्यात मोठ्या धिटाईनं हिंडणारी हीच मुलगी, घरात अशी दांडगी गाडी असली, की नोव्हेंबरात किल्ली खुंटीला टांगते आणि चार महिने खिडकीशी बसते. संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन बर्फात येतं, तेही चुकतं. एकटेपणानं मन खातं ते वेगळंच.

यावर उपाय दोनच, आणि दोन्ही घरात बसून ठरवण्यासारखे. एक तर त्या गाडीला चार हिवाळी टायर घ्यायचे आणि दोघांनीही सराव करायचा. नाहीतर हौसेची गाडी हिवाळाभर झाकून ठेवायची आणि बर्फासाठी एखादी जुनी, साधी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यायची. तिकडे पुष्कळ लोक असंच करतात. मात्र हिवाळी टायर तिलाही हवेतच. ‘बघू पुढच्या वर्षी’ हा तिसरा उपाय ऐकून घेऊ नका. आणि हवामान खातं ‘बाहेर पडू नका’ म्हणेल त्या दिवशी मुकाट घरी थांबावं. त्यात कमीपणा नाही.

हिवाळ्यात गाडीत हे असू द्या

• लहान फावडं, बर्फ खरवडायची पट्टी आणि ब्रश
• वाळूची किंवा मांजराच्या मातीची पिशवी (डिकीत नीट बांधून, सुटी पिशवी धक्क्यासरशी पुढे येते)
• ब्लँकेट, लोकरी मोजे, टोपी, हातमोजे
• विजेरी, फोनचा चार्जर, बॅटरीला जोडायच्या तारा
• पाणी, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू
• काच धुण्याचं न गोठणारं द्रावण

आणखी तीन सूचना. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नका, काच तडकते. छपरावरचाही बर्फ काढून मगच निघा. न्यू जर्सीत तो तसाच ठेवला तर दंड होतो. आणि बाळाला फुगीर कोट घालून गाडीतल्या खुर्चीत बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट चेपतो आणि पट्टा सैल पडतो. बाळाला पातळ कपड्यांत बांधून वरून ब्लँकेट घालावं.

आता इथल्या आयांसाठी एक गोष्ट. आपली रात्रीची साडेसात-आठची वेळ म्हणजे हिवाळ्यात शिकागोची सकाळची आठ-साडेआठ. आपण जेवणं आवरून निवांत फोन लावतो, तेव्हा पोरगी नेमकी घसरड्या रस्त्यावर असते. फोन तासाभरानं करा. किंवा तिलाच सांगून ठेवा, ‘पोचलीस की दोन शब्द लिही गं, मग मी झोपते.’