घरघर टेपची आणि घरघर जात्याची

आसेगावच्या घरी माळ्यावरून जुना टेप खाली काढला. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची आमच्याकडे एकच कॅसेट आहे. प्लेचं बटण दाबलं, तर एकसुरी घरघर सुरू झाली आणि आजीचा आवाज गोधडीत तोंड घालून बोलावं तसा आला. मी लगेच कॅसेट बाहेर काढली. एकुलत्या एका कॅसेटवर प्रयोग करायचे नसतात.

रिकामा टेप चालू केला, तरी घरघर कायम. म्हणजे दोष फितीत नव्हता. मग वायर काढून चार मोठे सेल घातले, आणि घरघर थांबली. चोर विजेच्या वाटेने येत होता. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. टेपमधले डायोड तिला एकाच दिशेने वळवतात, तेव्हा सेकंदाला 100 उसळ्या उरतात. त्या सपाट करण्याचं काम कपॅसिटरचं. वर्षानुवर्षांत त्याच्या आतला द्रव सुकतो, क्षमता घटते आणि उसळ्या थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात. दुरुस्तीवाल्याकडून कपॅसिटर बदलून घेतला. वायर काढल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो, म्हणून हे काम जाणत्यानेच करावं.

आता दबलेला आवाज. फिलिप्स कंपनीने 1963 साली जगापुढे आणलेल्या कॅसेटची फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. सेकंदाला 10,000 कंपनांचा बारीक स्वर या वेगात फितीवर उमटतो, तेव्हा त्याची एक लहर 4.76 मायक्रॉनची होते. आपला केस त्याच्या दहापटीहून जाड असतो. फीत आणि तिच्यावरचा आवाज वाचणारं हेड यांच्यात एका लहरीएवढं अंतर पडलं, की तो स्वर सुमारे पाचशे पट क्षीण होतो. 100 कंपनांच्या जाड स्वराची लहर मात्र जवळपास अर्ध्या मिलिमीटरची असते; तेवढ्या अंतराने त्याचं फारसं बिघडत नाही. म्हणून हेडवर मळ साचून फट पडली, की ‘स’, ‘श’ आधी हरवतात आणि नुसती घुमघुम उरते.

आमच्याकडे सोयाबीनच्या मळणीत भुश्याची धूळ माळ्यापर्यंत चढते, म्हणून संशय तिच्यावरच होता. पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस हेडवरून फिरवला, तर त्यावर गंजासारखा तपकिरी डाग आला. तो लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे फितीच्याच अंगावरून झिजलेला होता. फीत पुढे सरकवणारं रबरी चाक मात्र ओल्या फडक्याने पुसलं. अल्कोहोल रबराला कोरडं करतं.

साधी कॅसेट लावून खात्री केली आणि मगच ओव्या लावल्या. मागे बारीक ‘सूंऽऽ’ होतं. तो बिघाड नव्हे. फितीवरचे चुंबकीय कण कधीच पूर्ण शिस्तीत बसत नाहीत; त्यांच्या विस्कळीतपणाचा तो आवाज.

शब्द आता सुटे ऐकू येत होते. तरी खाली एक घरघर होतीच. सेल घातले, तरी ती गेली नाही. नीट कान दिला. विजेची घरघर एकाच पट्टीत राहते. ही मात्र चढत होती, उतरत होती, ओवीच्या शेवटी जराशी मंदावत होती. ते आजीचं जातं होतं.

कॅसेटची संगणकावर प्रत करून ठेवली आहे. संगणकात खालची घरघर पुसून टाकणारं एक बटण आहे. त्याला मी हात लावलेला नाही.