येऊरचा चढ आणि महिन्याचा पॉकेटमनी

रविवारी पहाटे आम्ही हॉस्टेलच्या चौघीजणी सायकली घेऊन येऊरला गेलो. उपवन तलावापासून फॉरेस्टच्या गेटपर्यंत एकेकटीने चढायचं आणि घड्याळ लावायचं, असं ठरलं होतं. थोडक्यात, टाइम ट्रायल. मी अशी सुसाट सुटले की तलावाकाठी फिरणारे आजोबासुद्धा वळून बघायला लागले. आणि थोड्याच वेळात मी खाली उतरून सायकल ढकलत होते! "मुलींना दमच नसतो," हे वाक्य दिवसभर मेसमध्ये ऐकावं लागलं. रागारागाने वही-पेन घेऊन बसले.

तर मंडळी, हिशेब असा. माझं वजन ५० किलो, सायकल १५ किलो. हे ६५ किलो १०० मीटर उंच न्यायला साधारण ६३,७०० ज्यूल काम लागतं. (बारावीचं एमजीएच, दुसरं काही नाही!) हे काम १० मिनिटांत केलं तर सरासरी १०६ वॅट लागतात, ८ मिनिटांत करायचं तर १३३. टायरचं घर्षण आणि हवा वेगळीच. आता ७० किलोच्या मुलाला हीच सायकल द्या. त्याच्या एकूण वजनात सायकलचा वाटा १८ टक्के, माझ्या १५ किलोचा मात्र २३ टक्के. जड सायकल हलक्या मुलीला जास्त नडते. दम काढण्याआधी हेही बघावं!

सपाट रस्त्यावर खरा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट पॉवर लागते. चढावर वेगच कमी, त्यामुळे बहुतेक ताकद गुरुत्वाकर्षणाशी भांडण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे लपूनही फारसं वाचत नाही. म्हणजे सगळा खेळ स्वतःची ताकद कुठे, किती खर्च करायची याचा.

शरीराचं गणित पॉकेटमनीसारखं आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतचा जोर श्वासावर भागतो, तो बराच वेळ टिकतो. त्यावरचा जोर म्हणजे उधारी. ती थोडीच मिळते आणि जोर कमी केल्याशिवाय फिटत नाही. एक तारखेला पिझ्झा खाल्ला की वीस तारखेपासून वडापाव! मी सगळी उधारी पहिल्या दोन मिनिटांतच उडवली होती.

मग करायचं काय? पहिला एक तृतीयांश चढ "अगं, हे तर फारच सोपं आहे" असं वाटेल इतपतच. एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मधल्या भागात दोन-तीन शब्दच निघावेत. उधारी शेवटच्या वळणासाठी राखून ठेवायची. खडा चढ आला की थोडा जास्त जोर, सौम्य आला की थोडा कमी, कारण सौम्य भागात वेग वाढतो आणि जादा ताकद हवा खाते. गिअर मात्र खड्या चढाच्या आधीच हलका करायचा, पाय अडकल्यावर नाही.

डोकं चालवून सायकल चालवणं काही नवीन नाही. ऑस्ट्रियाची ॲना कीसेनहोफर गणितात पीएचडी आहे. प्रोफेशनल टीम नसताना तिने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये सुवर्णपदक जिंकलं.

पुढच्या रविवारी तीच सायकल, तेच पाय. सुरुवातीला मैत्रीण पुढे गेली तरी मी शांत राहिले (फार कठीण काम!). गेटपर्यंत एकदाही उतरले नाही आणि दोन मिनिटं वाचली. दम तोच होता हो, फक्त महिनाअखेरपर्यंत पुरवला!