जालंधर आणि मीरपूर : विलायतेतली दोन बिऱ्हाडे

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या उपखंडातील लोकांविषयी बोलताना आपल्याकडे एक ठोकताळा सर्रास वापरला जातो. भारतातून गेलेले शिकले, सावरले, घरदार करून बसले. पाकिस्तानातून गेलेले मागे राहिले. आणि याचे कारण त्यांचा धर्म. यातल्या पहिल्या दोन विधानांत बरेच तथ्य आहे. तिसरे विधान मात्र तपासून न पाहताच पुढे केले जाते. ते तपासायचे तर लंडनचा गुजराती डॉक्टर आणि ब्रॅडफर्डचा टॅक्सीवाला अशी जोडी समोर ठेवून उपयोग नाही. त्या दोघांची सुरुवातच निराळी. सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा अशी जोडी हवी. सुदैवाने ती आहे. एक, सतलज आणि बियास या नद्यांमधल्या जालंधर दोआबातले शीख. दुसरे, झेलमकाठच्या मीरपूर जिल्ह्यातले मुसलमान. रॉजर बॅलार्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच ही तुलना मांडली होती. पुढचे विवेचन त्याच वाटेने जाते, मात्र काही ठिकाणी मी माझी वाट धरली आहे.

दोन्ही प्रदेशांत सरळ रेषेत तीनशे किलोमीटरचेही अंतर नाही. दोन्हीकडची माणसे लहान जमिनीची शेतकरी, फौजेत भरती होण्याची परंपरा असलेली, पंजाबी किंवा तिला जवळची पहाडी बोली बोलणारी. १९४७ ने दोन्हींना रक्तात न्हाऊ घातले. जालंधरचे मुसलमान गेले, मीरपूरचे हिंदू-शीख गेले किंवा मारले गेले. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या कोणालाही ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची, काम करण्याची मुभा होती. महायुद्धानंतर तिथल्या कारखान्यांना माणसे कमी पडत होती. दोन्हीकडचे तरुण गेले, जुन्या चाळवजा घरांत दाटीवाटीने राहिले. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच अंथरुणात शिरे. पैसे साठवायचे, गावी पाठवायचे, चार-पाच वर्षांनी परत जायचे, हाच दोघांचा बेत. मुहम्मद अन्वर यांनी रॉचडेलमधल्या पाकिस्तान्यांवर १९७९ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'परतीचे मिथक' अशा अर्थाचे आहे.

मीरपूरच्या वाटेत मुंबई लागते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. झेलम नदीवर पूर्वी होड्यांची मोठी वाहतूक चाले आणि मीरपूरचे लोक नावाडी आणि होड्या बांधणारे होते. पंजाबात रेल्वे आली आणि हा धंदा बसला. मग ही माणसे मुंबई-कराची बंदरांतून सुटणाऱ्या आगबोटींवर चढली. त्या बोटींवर कामांची वाटणी गावागावांनुसार असे. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, भटारखान्यात आणि साहेबांच्या दिमतीला गोव्याचे लोक, आणि खाली इंजिनखान्यात, बॉयलरच्या धगीसमोर कोळसा लोटणारे पंजाब-मीरपूरकडचे 'आगवाले'. यांतले काही आगवाले इंग्लंडच्या बंदरांत उतरून तिथेच राहिले आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत कामाला लागले. पुढे आलेल्या हजारोंना पहिला आसरा दिला तो याच लोकांनी.

इथून पुढे फाटे फुटतात. पहिला फाटा गावाकडचाच आहे. जालंधरची जमीन सपाट आणि विहिरींना पाणी असलेली. तिथले लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लायलपूरच्या कालव्याच्या वसाहतींत, आफ्रिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जात होते. विलायतेतून पौंड यायला लागले तेव्हा पंजाबात वीज पोचत होती, रस्ते होत होते, १९६२ मध्ये लुधियानाचे कृषी विद्यापीठ निघाले होते आणि हरितक्रांती दाराशी होती. म्हणजे आलेला पैसा ट्यूबवेलमध्ये, ट्रॅक्टरमध्ये घालता येत होता आणि तो वाढत होता. (आज त्याच जिल्ह्यात घरांच्या गच्चीवर विमानाच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, हौसेला मोल नसते. पण ही हौस पुढची.)

मीरपूर डोंगराळ, पावसावर अवलंबून. पौंड आले तेव्हा ते गुंतवायला काही नव्हते. मग मोठमोठी घरे बांधली गेली, जमिनीचे भाव चढले आणि शेती ओस पडली. कोकणातल्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. मनिऑर्डरवर चालणारे घर, मुंबईच्या गिरणीत रात्रपाळी करणारा चाकरमानी, गावी सासू-सासऱ्यांजवळ बायको आणि गवत वाढलेली खाचरे! मीरपूर हे फार लांबच्या गिरणगावाचे कोकण होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

त्यात धरण आले. १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर पाकिस्तानने झेलमवर मंगला धरण बांधले. ते १९६७ मध्ये पुरे झाले. जुने मीरपूर शहर, डडियाल आणि अडीचशेहून अधिक खेडी पाण्याखाली गेली, एक लाखाहून जास्त माणसे उठली. बुडाली ती नदीकाठची चांगली जमीन. उरली ती माळरानाची. वीज आणि पाणी मुख्यतः पंजाबला गेले, हा सल मीरपुरी माणूस अजूनही बोलून दाखवतो. नुकसानभरपाईचा पैसा अनेकांनी विलायतेच्या तिकिटाला वापरला. कोयनेच्या धरणग्रस्तांची कहाणी माहीत असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की यांच्याकडे दूरदेशी आधीच गेलेला चुलता होता. २००९ मध्ये धरणाची भिंत आणखी ३० फुटांनी उंचावली तेव्हा पुन्हा माणसे उठली. पाणी ओसरते तेव्हा जुन्या शहरातल्या मशिदी आणि देवळे अजून वर येतात.

दुसरा फाटा कामाचा. शीख गेले ते मुख्यतः वेस्ट मिडलँड्सच्या ओतशाळांत आणि लंडनच्या पश्चिमेला साउथॉलकडे, जिथे रबराचा कारखाना होता आणि पुढे हीथ्रो विमानतळ वाढत गेला. मीरपुरी गेले यॉर्कशर-लँकेशरच्या कापडगिरण्यांत. तिथे मालकांनी नवी महागडी यंत्रे घेतली होती. ती चोवीस तास चालली तरच परवडणार. बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याचे निर्बंध होते, गोरे पुरुष रात्री यायला तयार नव्हते. म्हणून रात्रपाळी मीरपुरी लोकांची झाली. रात्रभर आपल्याच गाववाल्यांबरोबर काम आणि दिवसा झोप. इंग्रजी शिकण्याची गरजही पडली नाही आणि संधीही मिळाली नाही. १९७० नंतर या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ओतशाळाही १९८० च्या सुमारास झपाट्याने बंद झाल्या, हे विसरू नये. तडाखा दोघांनाही बसला. मग शीख कुटुंबे त्यातून लवकर का उठली?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे, आणि तिचे नाव आहे बायका-मुले कधी आली ते साल. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने मुक्त प्रवेश थांबवला आणि कामासाठी परवाना लागू लागला. बायको-मुलांना मात्र येता येत होते. शिखांनी आपली कुटुंबे १९६० च्या दशकातच आणली. त्यांच्या बायका लवकरच बाहेर पडल्या : शिवणकामाच्या कारखान्यांत, विमानतळावरच्या स्वयंपाकघरांत, साफसफाईत. ओतशाळा बंद झाली तेव्हा घरात दुसरा पगार येत होता आणि मुले इंग्रजी शाळेत पहिलीपासून शिकलेली होती.

मीरपुरी पुरुषांनी उलट हिशेब केला. कुटुंब गावी राहिले तर खर्च कमी, पडदा शाबूत, आईबापांची सेवा होते. मुलगा कमावता होण्याच्या वयाला आला की त्याला आणायचे. बायका मोठ्या संख्येने आल्या त्या १९७० च्या दशकात आणि नंतर; त्यातही इस्लामाबादच्या ब्रिटिश कचेरीत परवानगीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परिणाम असा की बारा-चौदा वर्षांचा मुलगा इंग्रजीचा गंध नसताना एकदम माध्यमिक शाळेत बसला, सोळाव्या वर्षी बाहेर पडला आणि बापाच्या गिरणीच्या दाराशी गेला, तर दाराला कुलूप. आईला पडद्यामुळे बाहेरचे काम नाही. मिळाले तर घरी बसून तुकड्यावर शिवणकाम. एका पगारावर मोठे कुटुंब, आणि तो पगारही गेलेला. टॅक्सी आणि खाण्याची छोटी दुकाने या पुढच्या धंद्यांचे मूळ इथे आहे.

तिसरा फाटा सोयरिकीचा. शिखांत, विशेषतः जाटांत, आई-वडील आणि त्यांच्या आयांच्या अशा चार गोतांत लग्न चालत नाही. गावातही चालत नाही. म्हणजे गावी राहिलेल्या भावाच्या मुलाशी आपली मुलगी देण्याचा प्रश्नच येत नाही. सोयरीक परक्या घरातच शोधायची, तर ती बर्मिंगहॅममध्ये शोधली म्हणून कोणी रुसत नाही. मीरपुरी रीत याच्या नेमकी उलट. चुलत-मावस भावंडांची लग्ने तिथे पसंतीची. गावच्या भावाने आपल्या मुलासाठी पुतणी मागितली तर नाही म्हणणे म्हणजे भाऊबंदकीच तोडणे. आणि कायदा कडक झाल्यावर त्या मुलाला विलायतेत येण्याचा तो एकच मार्ग उरला होता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरातला एक जोडीदार नव्याने आलेला. भाषा, कमाई, ओळखीपाळखी, सगळे पुन्हा पहिल्यापासून.

ब्रॅडफर्डमध्ये २००७ पासून चाललेल्या एका मोठ्या आरोग्य-अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या बाळांपैकी ३७ टक्क्यांचे आईबाप सख्खे चुलत-मामे-मावस भावंडे निघाले. अशा बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो. दशकभरानंतरच्या पाहणीत या लग्नांचे प्रमाण बरेच उतरलेले दिसले.

इथे मराठी वाचकाने नाक मुरडण्याचे कारण नाही. मामाची मुलगी करणे आपल्याकडेही चालत आले आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंस्थेवरील ग्रंथात उत्तरेचा चार गोतांचा निषेध आणि दक्षिणेची मामे-आतेसोयरीक यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्राला बसवले आहे. म्हणजे सोयरिकीच्या बाबतीत आपण जालंधरपेक्षा मीरपूरला थोडे जवळचेच.

आता धर्माचा मुद्दा. धर्माचा यात वाटा नाही असे मी म्हणणार नाही. पडदा आहे, दफन आहे. शीख माणसाचे दहन विलायतेतच होते आणि अस्थी तेवढ्या पंजाबात जातात. मीरपुरी माणसाचे शव वर्गणीतून उभारलेल्या मंडळाच्या खर्चाने विमानाने गावी जात असे, आणि बापाची कबर जिथे, तिथली ओढ मुलाला सुटत नाही. पण धर्म हेच कारण असते, तर एक तिसरा गट त्याच मार्गाने जायला हवा होता. फाळणीत जालंधरहून उठून लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला, वसवलेले पंजाबी मुसलमान. त्यांतले बरेच मँचेस्टरला गेले. पनीना वेर्बनर यांनी त्यांच्यातच राहून केलेल्या अभ्यासात बाजारात कपड्यांचा ठेला मांडण्यापासून तयार कपड्यांच्या घाऊक व्यापारापर्यंत आणि कारखान्यापर्यंत चढत गेलेली कुटुंबे भेटतात. धर्म मीरपुरींचा, चाल बरीचशी जालंधरच्या शिखांची.

उलट बाजूने, 'शीख' हा शब्दही एकसंध नाही. दोआबात दलितांची संख्या मोठी. तिथून गेलेल्या रविदासी समाजाला विलायतेतही जाटांच्या गुरुद्वाऱ्यात बरोबरीची जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी आपल्या सभा आणि भवने वेगळी काढली. काही बाबासाहेबांच्या वाटेने बौद्ध झाले. बढई-लोहारांचे रामगढिया पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर कौशल्य आणि पैसा कमावून मग ब्रिटनला आले. शिखांच्या सरासरीत त्यांचे यशही मिसळलेले आहे.

सरासरीबद्दल आणखी एक सावधगिरी. ब्रिटिश जनगणनेत वंशाचा प्रश्न १९९१ पासून आणि धर्माचा २००१ पासून आहे, पण मीरपुरी असा रकाना नाही. पाकिस्तानी वंशाच्या लोकांत मीरपूर आणि आसपासचे साठ ते सत्तर टक्के असावेत, असा अंदाज अभ्यासक देतात. २०२१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये पाकिस्तानी वंशाचे सुमारे १५ लाख ८८ हजार आणि शीख ५ लाख २४ हजार होते. मालकीच्या घरात राहणाऱ्या शिखांचे प्रमाण सुमारे ७८ टक्के, मुसलमानांचे सुमारे ४६. पण या ४६ मध्ये सोमाली आहेत, बांगलादेशी आहेत, अरब आहेत. ब्रॅडफर्डच्या मीरपुरी माणसाने १९६० च्या दशकातच रोख पैसे मोजून गिरणीजवळचे पडके घर विकत घेतले होते. त्याची अडचण घर नसण्याची नव्हती. साउथॉलच्या घराची किंमत जशी चढत गेली, तशी गिरणी बंद पडलेल्या गावातल्या त्याच्या घराची चढली नाही, ही त्याची अडचण.

गेल्या वीसेक वर्षांत चित्र हलते आहे. पाकिस्तानी वंशाची मुले शालान्त परीक्षेत गोऱ्या मुलांच्या बरोबरीला येऊन पोचली आहेत, आणि विद्यापीठात जाण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, त्यातही मुली पुढे. पदवी घेतलेल्या मुलीला मीरपूरहून आणलेला चुलतभाऊ नको असतो, आणि घरोघरी आता हे मान्यही होऊ लागले आहे. शवे अजून मीरपूरला जातात, पण ब्रॅडफर्डच्या दफनभूमीत मुसलमानांसाठीची जागा वाढवावी लागते आहे. तिथेच जन्मलेल्या नातवंडांना आजोबांच्या कबरीवर शुक्रवारी चालत जाता यावे, असे वाटणारी कुटुंबे वाढली आहेत.