मधला सूर वाकवताना

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, निघत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले, त्यामागे हेही एक कारण होते. संगणकावर संगीत करणाऱ्यांनी हेच दुखणे १९८३ साली पुन्हा विकत घेतले. त्या वर्षी अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने बोलू लागले. त्यांच्या भाषेचे नाव मिडी.

मिडी म्हणजे पट्ट्यांची वही: कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. सूर वाकवायची सोय होती, पण ती सबंध चॅनेलला लागू. सा-ग-प धरून फक्त गंधार हलवायला जावे, तर एका दाव्याला बांधलेल्या गुरांसारखे तिघेही हलत.

यावरची युक्ती जुगाडूच म्हणायची. चॅनेल एकूण सोळा. मग प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल देऊन टाका! एक सामायिक सूचनांसाठी, उरलेले पंधरा सुरांसाठी. दहा बोटांच्या माणसाला पुरेत. २०१८ साली याला एमपीई नावाने अधिकृत मान्यता मिळाली. रॉजर लिन यांचे लिनस्ट्रुमेंट त्याआधीच बोटाचे आडवे-उभे सरकणे आणि दाब सुरासुरागणिक टिपत होते. खऱ्या ड्रमच्या ध्वनिमुद्रित आवाजांचे पहिले ड्रम मशीन काढणारे लिन ते हेच.

सॉफ्टवेअरमध्ये क्युबेसने २०११ सालीच सुटा सूर उघडून दाखवला होता. एबलटन लाइव्हला हे २०२१ मध्ये, अकराव्या आवृत्तीत सुचले. पडद्यावर सूर म्हणजे एक आडवी पट्टी, तिच्यावर वळणाची रेघ. रेघेवरचा बिंदू ओढला की तेवढाच सूर वाकतो. एक खोच मात्र आहे. एमपीईत वाकवण्याची मर्यादा सहसा ४८ अर्धस्वर, म्हणजे चार सप्तके. समोरच्या वाद्यात ती दोनच अर्धस्वर राहून गेली, तर सा ते पंचम घेतलेली मींड जागच्या जागी थरथरते आणि आपण उगाच वायरी तपासत बसतो.

माउसने काढलेली मींड मला पटत नाही. ती थेट चढते. गळा आधी किंचित खाली उतरतो, मग निघतो, पोचल्यावर जरा डोलतो. म्हणून मी आधी वाजवून घेतो. नंतर रेघ उघडून एखादाच चुकार बिंदू हलवतो, डोलणे तसेच ठेवतो.