माझ्या मशीनवर तर चालतं!

प्रोजेक्टच्या दिवसांत हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "माझ्या मशीनवर तर चालतं!" हे वाक्य मीही ऐटीत म्हटलंय, आणि तोंडघशी पडलेय.

आमचा प्रोजेक्ट साधाच, मेसच्या हिशेबाची मराठी वेबसाइट. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित. रूममेटच्या जुन्या लॅपटॉपवर टाकून चार नावं भरून पाहिली, तिथेही चाललं. डेमोच्या दिवशी तोच लॅपटॉप नेला. सरांनी गावाच्या रकान्यात आपलं 'लोहारा' टाइप केलं आणि सेव्ह केल्यावर दिसलं '??????'. मी सगळ्यांसमोर रूममेटवर भडकले. ती बिचारी म्हणाली, "मी त काईच नाई केलं वं!"

खरंच, तिनं काही केलं नव्हतं. माझ्याकडे मायएसक्यूएल ८.० होतं, तिच्याकडे ५.५. जुन्या आवृत्तीत आपण काही सांगितलं नाही तर अक्षरसंच 'लॅटिन-१' धरला जातो, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. २०१८ साली आलेल्या ८.० पासून 'यूटीएफ८एमबी४' आपोआप मिळतो. 'लोहारा'त काने-मात्रे धरून सहा चिन्हं, म्हणून सहा प्रश्नचिन्हं! एकदा ती साठवली गेली की मूळ अक्षरं परत येत नाहीत. मग आधी हे लक्षात का आलं नाही? माझी कॉन्व्हेंटची सवय! ती चार नावं मी इंग्रजीत भरली होती.

तेव्हा कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एवढं कराच :

१. भाषा आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या सगळ्या पार्टनर्सकडे सारख्या ठेवा व 'रीडमी' फाइलमध्ये लिहा.

२. पायथॉन असेल तर प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं 'वेन्व्ह' करा. लायब्ररींची यादी आवृत्तीसकट फाइलमध्ये ठेवा.

३. डेटाबेस बनवतानाच अक्षरसंच स्पष्ट सांगा. डिफॉल्टच्या भरवशावर राहू नका.

४. कोड गिटमध्ये ठेवा, पासवर्ड मात्र नको.

२०१३ साली आलेलं डॉकर तर कोडसोबत हा सगळा संसारच एका पेटीत बांधून देतं. पण कमी रॅमच्या लॅपटॉपला ते जड जातं. अशा वेळी वरच्या चार गोष्टी पुरतात.

त्या रात्री अक्षरसंच बदलून आम्ही दोघींनी सगळी नावं पुन्हा भरली. "सॉरी" म्हणायला मात्र मला सकाळ उजाडावी लागली. म्हणून सांगते, सबमिशनआधी प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर, अगदी शून्यापासून, आणि मराठीत चालवून बघा. मैत्रिणीवर ओरडायची वेळ येणार नाही!