क्यूआर कोड दिसला म्हणजे बँक पोहोचली?

‘भाजीवालीकडेही आता क्यूआर कोड आहे, म्हणजे आर्थिक समावेशन झालं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचा आता वैताग येतो. तो कोड तिच्या बँक खात्याशी जोडलेला असतो; खातं नसेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. गरिबांची खाती उघडण्याचं मोठं काम केलं ते ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेनं, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत. पण खातं उघडलं म्हणजे ते वापरात आलं असंही नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या फिन्डेक्स पाहणीत भारतातल्या ७८ टक्के प्रौढांकडे खातं होतं, मात्र खातेदारांपैकी ३५ टक्क्यांनी वर्षभरात ना पैसे भरले होते, ना काढले. शहरातल्या बाजारात मोबाइल खणखणताना हे लोक दिसत नाहीत, म्हणून त्यांना हिशेबातून वगळायचं का?

यावर आक्षेप येतो की डिजिटल व्यवहारांची नोंद राहते आणि त्या नोंदीवर गरिबाला कर्ज मिळतं. मिळू शकतं, पण आपोआप नाही. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिलं १० हजारांचं कर्ज विनातारण होतं, वेळेवर फेडल्यास पुढचं मोठं, आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक. नोंदीला पत मिळाली ती अशा धोरणामुळे. खेड्यात तर सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. निराधार पेन्शन खात्यात जमा होते, पण अनेकदा हातात येते ती बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा उमटला तरच. कष्टानं ठसे झिजलेल्या म्हातारीचा अंगठा जुळला नाही, तर तिच्यासाठी पर्यायी सोय ठेवणं हे सरकार आणि बँकेचं काम आहे. तिला ‘उद्या या’ सांगणं हे समावेशन नव्हे.

बाकीचे गैरसमज लवकर निकालात निघतात. या क्यूआर कोडमागचं यूपीआय नोटाबंदीतून जन्मलं नाही. ते एप्रिल २०१६ मध्येच, सात महिने आधी, सादर झालं होतं. त्यासाठी स्मार्टफोन लागतोच असं नाही. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे. ते फुकटात चालतं हेही खरं नाही: जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, पण यंत्रणेचा खर्च बँका आणि कंपन्या सोसतात आणि काही भाग सरकार प्रोत्साहन निधीतून देतं. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो मागणारा तुमचं खातं रिकामं करायला बसलेला असतो.